झाकलेल्या देवावर बत्ती

जपानमधल्या नागानो शहरात झेन्कोजी नावाचं मंदिर आहे. त्याच्या गाभाऱ्याखालून एक भुयारी वाट जाते आणि तिथे मिट्ट काळोख असतो. स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसत नाही. उजवा हात कमरेच्या उंचीवर भिंतीला लावायचा, बोलणं बंद करायचं आणि चाचपडत पुढे सरकायचं. गाभाऱ्यातल्या मूर्तीच्या बरोबर खाली भिंतीत एक कुलूप आहे, त्याला सुखावतीचं कुलूप म्हणतात. त्याला हात लागला की वरच्या अमिदा बुद्धाशी तुमची गाठ बांधली गेली. ती मूर्ती मात्र कोणीही पाहत नाही. भाविक पाहत नाहीत, मंदिराचे मुख्य पुजारीही पाहत नाहीत. काही वर्षांनी एकदा सोहळ्याने उघडते ती तिची प्रतिकृती, आणि तीही शेवटची उघडली २०२२ मध्ये.

त्या काळोखात आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी मोबाइलची बत्ती लावली.

"कुठंय ते कुलूप? हां, हे बघा, सापडलं! या, सगळे इकडे या." पांढरा झोत भिंतीवरून फिरला आणि मागून येणाऱ्यांच्या तोंडावर पडला. आमच्या मागे एक जपानी बाई पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन येत होती. मुलीचा एक हात भिंतीवर होता, दुसऱ्याने तिने आईचा कोट धरला होता. ती हळूच म्हणाली, "आई, संपलं?" आईने तिला जवळ ओढलं आणि काहीच उत्तर दिलं नाही. मला जपानी कळतं, त्यामुळे ते दोन शब्द माझ्या वाट्याला आले. ते अजून कानातून जात नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

मी पुण्यात बावीस वर्षं जपानी शिकवते. गेल्या शरदात एकतीस जणांच्या गटाबरोबर दुभाषी म्हणून गेले. ही सहल नव्हे, 'आध्यात्मिक यात्रा' आहे, असं माहितीपत्रकात ठळक छापलं होतं. शिंतो आणि बौद्ध धर्मांची पवित्र ऊर्जास्थानं, नऊ दिवस, सगळी व्यवस्था. माझा आक्षेप या लोकांच्या श्रद्धेला नाही. यात्रा म्हणून जे विकलं गेलं त्याला आहे, आणि ते तसं विकत घेऊन बिनदिक्कत वापरणाऱ्यांना आहे.

जपानच्या जुन्या देवस्थानांमध्ये देव बहुधा दिसत नाही. तो पडद्याआड असतो, बंद देव्हाऱ्यात असतो, दगडी दाराच्या मागे असतो. तुम्ही बाहेर उभं राहायचं, वाकायचं आणि परत फिरायचं. ही तिथली उपासना आहे. माणूस आपली हाव उंबऱ्याबाहेर ठेवायला शिकतो तो इथेच. आमच्या गटाला ही एक गोष्ट निघण्यापूर्वी कोणी सांगितली नव्हती. उलट, 'दुर्मीळ दर्शन' असं आश्वासन दिलं होतं. मग प्रत्येक पडद्यापुढे तक्रार सुरू झाली: एवढे पैसे भरून आलो आणि काहीच दिसलं नाही. झेन्कोजीत गटप्रमुखांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "व्हीआयपी दर्शनाची काही सोय होईल का? जास्तीचे किती लागतील ते विचारा." मी विचारलं नाही. तो प्रश्न माझ्या तोंडून जपानी भाषेत जाणार नव्हता.

सुरुवात टोकियोलाच झाली होती. असाकुसाजवळ मात्सुचियामा नावाच्या टेकडीवर एक जुनं देऊळ आहे. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती, चीनमार्गे मंत्रयान या बौद्ध पंथाबरोबर गेलेला. तिथे भक्त त्याला पांढरा मुळा वाहतात. मुळा विकत घेऊन तबकात ठेवायचा आणि हात जोडायचे. हा गणपती कोणाला दाखवत नाहीत, त्याची मूर्ती कायम बंद असते. हे मी बसमध्ये समजावून सांगितलं होतं. तरी आत गेल्यावर आधी "मूर्ती कुठंय?" झालं आणि मग गटप्रमुखांनी टाळ्या वाजवत गणपतीची आरती सुरू केली. समोर चार-पाच जपानी माणसं डोळे मिटून बसली होती, आत पठण चालू होतं. आरती मला लहानपणापासून प्रिय आहे, घरी मी ती रोज म्हणते. पण दुसऱ्याच्या देवघरात, त्याची पूजा चालू असताना, त्याच्या आवाजावर आपला आवाज चढवणं याला भक्ती म्हणत नाहीत. त्याला दांडगाई म्हणतात.

बाहेर आल्यावर जो तो सांगत होता, "बघा, सगळं आपल्याकडूनच गेलंय." हे वाक्य मी नऊ दिवसांत इतक्यांदा ऐकलं की मला त्याची शिसारी आली. हो, गेलं. नाराच्या तोदाइजीतल्या महाबुद्धाचे नेत्र ७५२ मध्ये उघडले ते बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. झेन्कोजीची मूर्तीही भारतातून कोरियामार्गे आली, अशी तिची कथा आहे. कोयासान पर्वतावरच्या थडग्यांवर आजही सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं कोरलेली दिसतात. पण त्यांनी ते बाराशे-तेराशे वर्षं जपलं, आणि आपण काय केलं? त्याच बुद्धाच्या धर्माबद्दल या गटातल्या लोकांना काय ठाऊक होतं? एकतीसांपैकी एकानेही कधी नागपूरच्या दीक्षाभूमीत पाऊल ठेवलेलं नव्हतं. मी मुद्दाम विचारलं. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरई ससाई साठच्या दशकात नागपुरात आले आणि नागपूरचेच होऊन गेले, हे कोणाला माहीत नव्हतं. १९५६ मध्ये आपल्याच मातीतल्या लाखो माणसांनी जो बुद्ध स्वीकारला तो यांना शेजारी नको आहे. त्यांना साडेसहा हजार किलोमीटरवरचा, बागेतला, धुक्यातला बुद्ध हवा आहे. कारण तो त्यांना कोणताच प्रश्न विचारत नाही.

क्योतोजवळच्या कुरामा डोंगराची गोष्ट वेगळीच. मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये तिथे उपोषण केलं आणि त्यातून रेकी निघाली, असं रेकीवाले मानतात. ती हवाई बेटांवरून अमेरिकेत गेली आणि तिथून आपल्याकडे येऊन पुण्या-मुंबईत तिचे वर्ग घरोघरी निघाले. कुरामाच्या मुख्य मंदिरापुढे फरशीत एक ताऱ्यासारखी आकृती आहे, तिच्या मधोमध त्रिकोण. त्यावर उभं राहून आकाशाकडे हात पसरले की ऊर्जा अंगात येते, असं गटाला सांगण्यात आलं. एकतीस जण एकेक करून उभे राहिले. प्रत्येकाचे फोटो, मग नवरा-बायकोचे फोटो, मग व्हिडिओ. पाऊण तास. एक म्हातारी काठी टेकत दर्शनाला आली होती. ती कडेला थांबली आणि वाट पाहून शेवटी बाजूनेच वाकून नमस्कार करून निघून गेली. तिची वाट अडवून अंगात कोणती ऊर्जा येते?

जपानी लोकांनीही हा धंदा केला आहे, हे सांगायला हवं. 'पॉवर स्पॉट' हा शब्दच त्यांचा. मेइजी देवस्थानातली एक विहीर टीव्हीवर झळकली आणि तिच्यापुढे तासन्‌तास रांगा लागल्या. पण त्यांच्या घरात उंदीर आहेत म्हणून आपण आपली घूस तिकडे नेऊन सोडावी का?

मला सगळ्यात जास्त चीड आली ती गोडगोड खोटेपणाची. "शिंतो म्हणजे शुद्ध निसर्गपूजा, शिंतो आणि बौद्ध शतकानुशतकं गुण्यागोविंदाने नांदले," असं बसच्या माइकवरून रोज सांगितलं जायचं. नांदले, १८६८ पर्यंत. त्या वर्षी मेइजी सरकारने देवस्थानं आणि बौद्ध मंदिरं वेगळी करण्याचा हुकूम काढला. मग जागोजागी मूर्ती फोडल्या गेल्या, मंदिरं पाडली गेली, भिक्षूंना चीवर उतरवावं लागलं. पुढे शिंतो राज्ययंत्रणेच्या दावणीला बांधला गेला, युद्धासाठी राबवला गेला, आणि युद्ध हरल्यावर, दोस्त राष्ट्रांच्या डिसेंबर १९४५ च्या हुकमानंतरच त्याची सुटका झाली. त्या व्यवस्थेच्या शिखरावर इसेचं देवस्थान होतं. इसेला जाताना हे मी सांगायला लागले, तर गटप्रमुखांनी हात करून थांबवलं. "मॅडम, यात्रेत निगेटिव्ह नको." धर्माचा इतिहास निगेटिव्ह, काळोख निगेटिव्ह, चालणं त्रासाचं, जेवण बेचव. उरलं काय?

इसेला चाळीस मिनिटं दिली होती. सूर्यदेवता आमातेरासूचं ते घर ६९० सालापासून दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. लढायांमुळे मधे खंड पडला, तरी परंपरा तुटली नाही. बासष्टावं बांधकाम २०१३ मध्ये झालं, पुढचं २०३३ मध्ये. जुन्या घराचं लाकूड वाया जात नाही. मुख्य खांबांच्या उजी पुलाच्या कमानी होतात, बाकीचं देशभरातल्या देवस्थानांना जातं. सुतार आपली विद्या पुढच्या पिढीला देतो ती या वीस वर्षांच्या फेऱ्यात. आणि भाविकाला दिसतं काय? एक पांढरा पडदा, चार कुंपणं, त्यांच्यावरून डोकावणारं गवती छप्पर. दगडी पायऱ्यांच्या पुढे कॅमेरा चालत नाही. वारा आला तर पडदा हलतो. त्या दिवशी तो हलला. मी पाहत राहिले. माझ्या मागे आवाज आला, "चला, इथे काही नाही."

आता कोणी म्हणेल, बाई, बंद दारांचं एवढं कौतुक करता, तर मग बंदी म्हणजे भक्तीच का? नाही. आणि हे मला नीट सांगायचं आहे. कोयासान या पर्वतावर बाईला पाऊल ठेवायची मनाई होती. सीमेवर बायकांसाठी वेगळी विश्रामघरं होती. त्यांतलं एकच, न्योनिनदो, आज उरलं आहे. बायका तिथे मुक्काम करायच्या आणि डोंगराच्या कडेकडेने फिरून आतल्या देवळांना लांबूनच हात जोडायच्या. १८७२ मध्ये सरकारने हुकूम काढून ही बंदी उठवली, पण डोंगरावर ती खऱ्या अर्थाने संपायला आणखी बराच काळ गेला. ओमिने पर्वताच्या शिखरावर ती आजही आहे, आणि ते शिखर २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. झेन्कोजीचा देव मुख्य पुजाऱ्यालाही दिसत नाही, तो सगळ्यांना सारखाच झाकलेला आहे. ओमिनेचं दार फक्त बाईला बंद आहे. पहिल्यात नम्रता आहे, दुसऱ्यात जुलूम. पंढरपूरच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे आणि १९४७ मध्ये साने गुरुजींना त्या देवळाचं दार सर्वांना उघडावं म्हणून उपोषण करावं लागलं, हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. न्योनिनदोसमोरून आमची बस न थांबता पुढे गेली. गटात एकोणीस बायका होत्या.

त्या एकोणीस जणींत सांगोल्याकडच्या एक काकू होत्या. मुलाने हौसेने पाठवलेल्या. त्यांनी सोळा वाऱ्या पायी केल्या आहेत. इसेला पडद्यापुढे सगळे कुरकुरत असताना त्या म्हणाल्या होत्या, "आषाढीला रांग लई असली की आम्ही कळसाचं दर्शन घेऊन मागं फिरतो. पोचतंय की त्याला." नऊ दिवसांत त्यांनी फोन पिशवीतून बाहेर काढलेला मी पाहिला नाही.

शेवटचा दिवस कोयासानचा. मंत्रयान जपानला नेणारे कुकाई, ज्यांना लोक कोबो दाइशी म्हणतात, ८३५ मध्ये तिथे समाधीत बसले. ते गेले असं तिथे कोणी मानत नाही, ते अजून ध्यानात आहेत असंच मानतात. ओकुनोइनच्या वाटेवर दोन किलोमीटर जपानी देवदाराचं रान आणि दोन लाखांहून अधिक थडगी. शेवटी गोब्योबाशी पूल. त्याच्यापुढे फोटो नाही, बोलणं नाही. रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला भिक्षू लाकडी पेटीत कुकाईंचं जेवण घेऊन तो पूल ओलांडतात. समाधिस्थळाच्या आत जायचा अधिकार एकाच भिक्षूला असतो, आणि आत काय आहे ते तो कोणाला सांगत नाही.

आम्ही साडेदहाला पुलाशी होतो. पिवळी चीवरं दिसली, दोघांच्या खांद्यावर पेटी. गटप्रमुखांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "त्यांना सांगा दोन मिनिटं थांबा, ग्रुप फोटो घेऊ, पेटी मधे ठेवून." मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "तुम्हाला पैसे कशाचे दिलेत?" मी म्हणाले, कापून घ्या. त्यांनी खरंच कापून घेतले.

पेटी पूल ओलांडून गेली. काकू चपला काढून कडेला उभ्या होत्या, पदर डोक्यावर. भिक्षू परत आले, तेव्हा काकूंनी माझा दंड धरला. "ताई, ह्यांना जरा विचारा की, आज महाराजांना जेवायला काय होतं?"

मी विचारलं. तरुण भिक्षू थांबला, काकूंकडे वळून वाकला आणि एकेक पदार्थ सांगत गेला. भात, सूप, उकडलेल्या भाज्या, तिळाचा तोफू. मी मराठीत सांगत गेले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गरम होतं ना?"