जुगारी कोण, जॉकी की आपण?

परवा एका लग्नाच्या निमित्ताने सुरतेला जाण्याचा योग आला. मुक्काम लिंबायतला होता. डोळे मिटून बसलात तर धुळे-नंदुरबारला आल्यासारखे वाटावे, इतकी अहिराणी कानावर पडते. यजमान अप्पा मूळचे खानदेशातले, आयुष्य लूमवर गेलेले. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतल्या घोड्यांचा विषय काढला आणि मी तो महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर नेला. तेवढ्यात एक निवृत्त मास्तर म्हणाले, "रेस म्हणजे जुगार. त्यात कसली आलीय संस्कृती?"

हेच वाक्य मी पणजीतही ऐकले आहे. म्हणूनच जास्त चिडलो.

बडोदे सुरतेहून गाडीने दोनेक तासांवर. तिथल्या प्रतापसिंहराव गायकवाडांनी 1945 साली 28,000 गिनी मोजून इंग्लंडात एक शिंगरू घेतले आणि त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले, सयाजीराव! 1947 साली या सयाजीरावाने आयरिश डर्बी जिंकली आणि सप्टेंबरात, म्हणजे इथे झेंडा बदलल्यावर महिन्याभरातच, इंग्लंडची सेंट लेजर. वर स्वार होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन. 1943 च्या पहिल्या इंडियन डर्बीत बडोद्याच्याच प्रिन्सेस ब्युटिफुलवरही तोच होता.

रयतेच्या पैशावर राजाची ही चैन, असे मास्तर म्हणाले. कबूल, अगदी कबूल. पण मग आमच्या वसंत शिंद्यांचे काय? स्क्वांडरर हा घोडा 19 शर्यती धावला, 18 जिंकला. रशीद बैरामजींनी तयार केलेला. 1977 ची इंडियन डर्बी त्याने जिंकली तेव्हा पाठीवर वसंत शिंदे होते. पांडू खाडे, शामू चव्हाण हीही आपल्याच माणसांची नावे. पैलवानाच्या खुराकावर आपण लेखांमागून लेख लिहितो. जॉकीच्या उपासावर मात्र एक ओळ नाही! घाम गाळून, पोट मारून वजन उतरवायचे, शर्यतीआधी आणि शर्यतीनंतरही काट्यावर चढायचे, आणि शेजारून रुग्णवाहिका धावत असताना घोडा फेकायचा. ती रुग्णवाहिका शोभेची नसते. कार्ल उमरीगर हा तरुण जॉकी 1979 साली महालक्ष्मीलाच पडला आणि गेला.

आणि वाचकहो, गंमत बघा. जॉकीला स्वतः पैज लावायला मनाई असते. म्हणजे मैदानावर ज्याला जुगार खेळताच येत नाही, त्यालाच आपण जुगारी ठरवून मोकळे! पैसे लावणारे आपण, हरलो की शिव्या घालणारे आपण आणि संस्कृतीच्या दारात उभे राहून त्याला हाकलणारेही आपणच. आमच्या गोव्यात तरी काय वेगळे आहे? धिरयोवर 1996 साली न्यायालयाने बंदी घातली, तरी जुन्या बैलांची नावे तावेर्नात अजून निघतात. तो बैल ज्याने वाढवला, त्याचे नाव विचारा बरे कुणाला!

मास्तर काही बोलले नाहीत. अप्पांनी मात्र स्क्वांडरर हा शब्द दोनदा घोळवून पाहिला आणि विचारले, "अर्थ काय हो त्याचा?"

"उधळ्या," मी म्हणालो.

अप्पा इतके हसले की आतली पोरे जागी झाली.