आधी कुंपण, मग पाणी

“आयर्लंडचा उन्हाळा मोजून दहा दिवसांचा, त्याला कसलं कुंपण?” किलकेनीत एका मित्राच्या परसातला स्विमिंग पूल कुंपणासाठी मोजायला मी टेप घेऊन गेलो, तेव्हा हे ऐकलं. पुढचं वाक्यही ठरलेलं: “आम्ही लक्ष ठेवतो ना!”

मंडळी, पॉटलकला वीस माणसं जमली की नेमकं कोण लक्ष ठेवतं? ज्याला त्याला वाटतं, दुसरा बघतोय. शिवाय बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. बहुधा आवाजच होत नाही. ‘युजर नीटच वापरेल’ असं धरून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला आम्ही हसतो. मग इथे?

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये १९९२ चा कायदा आहे. ३०० मिलिमीटरहून खोल पाणी मावणाऱ्या घरगुती पूलला कुंपण हवंच, फुगवायच्या पूललासुद्धा. उंची किमान १२०० मिलिमीटर, फट १०० पेक्षा कमी, गेट बाहेर उघडणारं आणि आपोआप लागणारं. मी इथे हीच मापं धरतो. कायद्याने सांगायची वाट कशाला बघायची?

उंची बाहेरून मोजायची, मूल जिथे उभं राहील तिथून. आतून १२०० भरले आणि बाहेर मातीचा उंचवटा असला, तर कुंपण खुजंच. जवळ कुंडी, खुर्ची ठेवली की झाली शिडी! आणि पैसे वाचवायला घराची भिंत चौथी बाजू म्हणून धरू नका. स्वयंपाकघराचं दार त्याच भिंतीत असतं.