केन ओवेनची दोन मिनिटे

जुने सोबती पुन्हा एकत्र येऊन वाजवू लागले, की पहिला संशय येतो तो पैशाचा. बहुतेक वेळा तो खराही असतो. विशीत पेटलेले भांडण चाळिशीत विझते, त्यात शहाणपण किती आणि घराचे हप्ते किती, हे बाहेरच्याने न विचारलेलेच बरे. रॉक संगीताच्या दुनियेत पुनर्मीलन हा तर आता स्वतंत्र धंदा झाला आहे. जाहिरातीत जुना फोटो, तिकिटावर नवा दर. लिव्हरपूलच्या ‘कार्कस’ या बँडची हकिगत मात्र या हिशेबात सरळ बसत नाही. एक माणूस त्या हिशेबात मावत नाही, म्हणून.

हेवी मेटल म्हणजे नुसता गोंगाट, असे मानणाऱ्या वाचकाने लगेच पान उलटू नये. गोंगाट आहेच, आणि कार्कसच्या बाबतीत तर सुरुवातीला गोंगाटापलीकडे फारसे काही नव्हते. कार्कस म्हणजे मेलेल्या जनावराचे धड. नावातच सगळे आले.

बिल स्टीअर आणि केन ओवेन हे शाळेपासूनचे मित्र. एकाच्या हाती गिटार, दुसऱ्याच्या हाती ड्रमच्या काठ्या. ऐंशीच्या दशकाचा मध्य म्हणजे लिव्हरपूलचे वाईट दिवस होते. गोदीवरचे काम आटले होते, कारखाने बंद पडत होते, १९८१ साली टॉक्सटेथ भागात दंगली होऊन गेल्या होत्या. बीटल्सचे गाव ही ओळख पर्यटकांच्या कामाची होती, बेकार पोरांच्या नव्हे. जेफ वॉकर त्यांना येऊन मिळाला. तो बास वाजवी, ओरडे, आणि चित्रेही काढी. बर्मिंगहॅमच्या ‘नेपाम डेथ’ या बँडच्या १९८७च्या ‘स्कम’ या तबकडीचे मुखपृष्ठ त्याचेच. त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला गिटार वाजवली आहे बिल स्टीअरने. म्हणजे हा पोरगा एकाच वेळी दोन बँडमध्ये होता, आणि ते दोन्ही पुढे आपापल्या प्रकाराचे मूळपुरुष ठरले. ‘स्कम’वर जेमतेम सव्वा सेकंदाचे एक गाणे आहे. जगातले सर्वांत छोटे गाणे म्हणून गिनेस बुकाने त्याची नोंद केली. थट्टा होती की विधान, यावर अजून वाद घालता येईल.

१९८८ साली नॉटिंगहॅमच्या ‘इअरएक’ या छोट्या कंपनीने कार्कसचा पहिला अल्बम काढला. ‘रीक ऑफ प्युट्रिफॅक्शन’, म्हणजे कुजल्याची घाण. ध्वनिमुद्रण इतके चिखलासारखे होते, की खुद्द बँडलाच ते आवडले नव्हते. मुखपृष्ठावर वैद्यकीय ग्रंथांतल्या शवांच्या छायाचित्रांचे कात्रणकाम. गाण्यांचे शब्द वैद्यकीय शब्दकोश समोर ठेवून लिहिलेले, ज्यांचा उच्चार करताना डॉक्टरही अडखळावा. दुकानदार कचरले. आणि बीबीसीच्या रेडिओ वनवर रात्री विचित्र रेकॉर्डी लावणारे जॉन पील, जे वयाने या पोरांचे वडील शोभले असते, त्यांनी तो आपला वर्षातला आवडता अल्बम म्हणून जाहीर केला. त्या एका माणसाच्या कानाने इंग्लंडच्या किती संगीताला दार उघडून दिले, याचा नीट हिशेब अजून व्हायचा आहे.

त्या किळसवाण्या शब्दांमागे एक गंमत होती. ही मंडळी शाकाहारी. मेलेले जनावर ताटात चालते आणि मेलेला माणूस चित्रात चालत नाही, हा भेद त्यांना ढोंगी वाटे. माणूसही शेवटी मांसच, हे सांगण्याची त्यांची तऱ्हा पोरकट होती, यात शंका नाही. पण आपल्याकडच्या वाचकाने दचकून जाण्याचे कारण नाही. देहाला आपल्या संतांनी दिलेली विशेषणे आठवून पाहावीत. तीही काही दिवाणखान्यातली नाहीत.

‘अंडरग्राउंड’ हा शब्द पुढे फार स्वस्त झाला. तेव्हा त्याचा अर्थ टपाल असा होता. ओरलँडोतला, स्टॉकहोममधला, साव पावलोतला कुणी पोरगा कॅसेटवर कॅसेट उतरवून पाकिटात घालून पाठवी, उलट टपाली दुसऱ्याची येई. तिकिटांवर गोंदाचा पातळ थर देत, म्हणजे शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा लावता येई. झेरॉक्सवर छापलेली पत्रके कॅसेटींबरोबर फिरत. कुठल्याही मोठ्या कंपनीच्या हिशेबात नसलेली ही पेठ होती, आणि कार्कस त्या पेठेतले चलनी नाणे.

मग एक अवघड गोष्ट घडली. ही पोरे चांगले वाजवू लागली. १९८९च्या दुसऱ्या अल्बमात त्याची चाहूल होती. त्याच वर्षी स्टीअरने नेपाम डेथ सोडले. १९९१च्या तिसऱ्या अल्बमाच्या वेळी स्वीडनचा मायकेल अॅमॉट दुसरा गिटारवादक म्हणून आला. १९९३च्या ‘हार्टवर्क’पर्यंत दोन गिटारी एकमेकींच्या हातात हात घालून सुरेल चालू लागल्या होत्या, आणि खाली तोच जड, खर्जात उतरवलेला आवाज होता. शवागारातले शब्द गेले. मुखपृष्ठासाठी ‘एलियन’ चित्रपटातला प्राणी कल्पिणाऱ्या एच. आर. गीगर यांचे शिल्प. मला विचाराल तर हा त्या दशकातल्या इंग्रजी रॉकच्या उत्तम अल्बमांपैकी एक आहे, केवळ मेटलच्या नव्हे. केन ओवेनचे ड्रमवादन त्याआधीही आणि नंतरही अनेकांनी मागे टाकले असेल, वेगात आणि अचूकपणात. पण त्याच्या तालात एक झोका होता. गाणे धावत असतानाही किंचित मागे रेलल्यासारखे वाटे. यंत्रासारखे वाजवणाऱ्यांच्या गर्दीत तो माणसासारखा वाजवी.

इथून पुढची गोष्ट नेहमीची आहे, म्हणून थोडक्यात. अल्बम पूर्ण होताच अॅमॉट निघून गेला. अमेरिकेतल्या ‘कोलंबिया’ या बड्या कंपनीने कार्कसला जवळ केले. मेटल आता घराघरांत विकले जाणार, असा तिथल्या लोकांचा अंदाज होता. तो चुकला. पुढचा अल्बम तयार झाला तोवर कंपनीचा रस संपला होता. स्टीअर बाहेर पडला, बाकीच्यांनी पडदा टाकला. १९९६ साली तो अल्बम पुन्हा इअरएकनेच काढला, तेव्हा तो वाजवायला बँडच उरला नव्हता. त्याचे नाव ‘स्वॅनसाँग’, अखेरचे गाणे.

फुटीचे आपल्याला अप्रूप नाही. १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. तिथे फुटीतून एक नवे वैभव आले. इथे तसे काही झाले नाही. वॉकर आणि ओवेन यांनी ‘ब्लॅकस्टार’ नावाने १९९७ साली एक अल्बम केला, तो विरून गेला. स्टीअरने पुढे ‘फायरबर्ड’ हा बँड काढून जुन्या ब्लूजच्या वळणाचे रॉक वाजवायला घेतले. शवविच्छेदनाशी आपला काही संबंध होता, हे जणू त्याला आठवतच नव्हते. अॅमॉटचा ‘आर्च एनिमी’ मात्र चांगला चालला.

आणि १९९९ साली केन ओवेनच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तो दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत होता. वाचला, पण पहिल्यासारखे हातपाय चालेनात. ड्रमवादकाचे वाद्य म्हणजे त्याचे चार अवयव. गिटारवाल्याचे बोट दुखावले तर तो दुसरे बोट शोधतो, ड्रमवाल्याला तशी सोय नाही.

बँड नसण्याच्या या दहा-बारा वर्षांत बँडची कीर्ती वाढत गेली, हा या व्यवसायातला क्रूर विनोद. स्वीडनमधल्या आणि अमेरिकेतल्या कितीतरी तरुणांनी ‘हार्टवर्क’मधल्या जोडगिटारी उचलल्या. काहींनी तर पहिल्या दोन अल्बमांचे वैद्यकीय शब्दकोशासकट अनुकरण करून त्याचा एक उपप्रकारच उभा केला. पुढे गाणी इंटरनेटवरून फुकट फिरू लागली, आणि ज्यांनी कार्कसला कधी पाहिले नव्हते असे श्रोते तयार झाले. वॉकरने २००६ साली केलेला अल्बम मात्र अमेरिकन कंट्री गाण्यांचा होता. ज्याला जे हवे ते तो करत नव्हता, एवढे खरे.

२००७ साली पुनर्मीलन ठरले आणि २००८च्या उन्हाळ्यात उत्तर जर्मनीतल्या वाकेन या खेड्यातल्या प्रचंड मेटल महोत्सवासह अनेक ठिकाणी ते वाजवू लागले. स्टीअर, वॉकर, अॅमॉट, आणि ड्रमवर आर्च एनिमीचा डॅनियल अर्लंडसन. पैसा होता, तो नाकारण्याचे कारण नाही. पहिल्या फेरीत ज्यांच्या हाती फारसे काही लागले नाही, त्यांनी दुसऱ्या फेरीत आपला वाटा घेतला, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? त्यांचे कसब उचलून बाकीच्यांनी संसार मांडले होतेच.

पण त्या कार्यक्रमांपैकी काहींत मधेच वाजवणे थांबे. केन ओवेनला मंचावर आणले जाई. तो ड्रममागे बसे आणि एकट्याने थोडा वेळ वाजवी. मिनिट, दोन मिनिटे. पूर्वीचा वेग नाही, ताल जपून धरलेला, हात कधी उशिरा येणारा. आणि ज्या प्रेक्षकांना वेगाखेरीज काही चालत नाही, ते हजारो लोक त्या अडखळत्या ठोक्यांवर ओरडत राहत.

याला दोन बाजू आहेत, आणि दुसरी मला बराच काळ खुपत होती. आजारी माणसाला उजेडात आणून बसवणे, हाही एक प्रकारचा खेळच नव्हे का? त्याच्या जागी दुसऱ्याला बसवून कार्यक्रम पार पाडायचा आणि मधे दोन मिनिटे त्याची ओळख करून द्यायची, यात दया किती आणि विक्री किती? आपल्याकडेही वृद्ध कलावंताला शाल-श्रीफळ देऊन खुर्चीत बसवतात आणि भाषणे सुरू करतात, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ते सुखावह नसते. पण त्या कलावंताला कुणी गायला सांगत नाही. फरक इथे आहे. ओवेनच्या हाती काठ्या दिल्या होत्या, हार नव्हे. त्याला जे येत होते तेवढे वाजवायला जागा करून दिली, आणि जे येत नव्हते ते लपवले नाही. सत्कार हा माणूस संपल्याची पावती असतो. हे तसे नव्हते.

मात्र दोन मिनिटे म्हणजे बँड नव्हे. अॅमॉट आणि अर्लंडसन पुढे आपल्या बँडकडे परतले, तेव्हा स्टीअर आणि वॉकर यांना थांबता आले असते. ते थांबले नाहीत. डॅन वाइल्डिंग हा वयाने जवळजवळ एका पिढीने लहान असलेला ड्रमवादक त्यांनी घेतला आणि २०१३ साली ‘सर्जिकल स्टील’ काढला, ‘स्वॅनसाँग’नंतर १७ वर्षांनी. एकत्र आलेल्या जुन्या बँडचे नवे अल्बम बहुधा ऐकवत नाहीत. आठवणीच्या उधारीवर ते उभे असतात. हा अपवाद होता. वाइल्डिंगने ओवेनची नक्कल केली नाही, पण तो झोका मोडलाही नाही. आणि त्या अल्बममध्ये मागून येणाऱ्या आवाजांत ओवेनचाही आवाज आहे. हात नाही तर घसा.

२०२१ साली सातवा अल्बम आला, ‘टॉर्न आर्टरीज’, फाटलेल्या धमन्या. हे शीर्षक ऐंशीच्या दशकात ओवेनने पोरवयात केलेल्या एका कच्च्या ध्वनिमुद्रणावरून घेतलेले. मुखपृष्ठावर भाज्यांनी रचलेले एक हृदय आहे, आणि आतल्या चित्रांत ते टप्प्याटप्प्याने कुजत जाते. प्रेत कुजण्याच्या नऊ अवस्था दाखवणाऱ्या जुन्या जपानी चित्रांवरून ही कल्पना घेतली आहे. पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर शवांची कात्रणे होती, या वेळी सगळी भाजी मंडईतली.