पहिल्या नजरेचा निवाडा

सकाळच्या चहाबरोबर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर एक चित्र येते. ‘प्रथम काय दिसले? त्यावरून आपला स्वभाव ओळखा!’ तरुणी दिसली तर आशावादी, वृद्धा दिसली तर निराशावादी. घरच्या सुनेला नेमकी वृद्धा दिसते. सर्वजण हसतात. पुढे ती एखाद्या खर्चाविषयी रास्त शंका काढते, तेव्हा ‘तुला वृद्धाच दिसायची!’ असे उत्तर मिळते. करमणूक संपते आणि शिक्का मात्र कायम राहतो.

हे चित्र शतकाहून जुने आहे. १८८८ च्या एका जर्मन पोस्टकार्डावर ते आढळते. १९१५ साली डब्ल्यू. ई. हिल यांनी ते अमेरिकेतील ‘पक’ या विनोदी नियतकालिकात प्रसिद्ध केले. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी हेच चित्र ३९३ जणांना केवळ अर्धा सेकंद दाखवले आणि चित्रातील स्त्रीचे वय विचारले. पाहणारा वयाने जितका मोठा, तितके त्याने सांगितलेले वयही साधारणतः अधिक निघाले. मनुष्य आपल्या वयाची माणसे सहज पाहतो, एवढेच त्यातून सूचित होते. आशा-निराशेचा तेथे संबंध नाही.

बदक आणि ससा या दुहेरी चित्राची कथाही अशीच. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाच्या प्रवेशद्वारापाशी ते लोकांना दाखवण्यात आले. ईस्टरच्या रविवारी बहुसंख्यांना ससा दिसला, तर ऑक्टोबरमध्ये बहुतेकांना पक्षी. तिकडे ईस्टर आणि ससा यांचे नाते घट्ट आहे. चित्र तेच होते, बदलला होता तो काळ आणि मनातील प्रसंग.

अवधानाचेही तसेच आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रेक्षकांना चित्रफितीतील चेंडूफेक मोजण्यास सांगितले होते. खेळाडूंच्या मधून गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती चालत गेली. सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. ते निष्काळजी नव्हते. सोपवलेल्या कामात ते गुंतले होते. ‘याचे लक्षच नसते’ असे मुलाला म्हणण्यापूर्वी, त्याचे लक्ष कोठे आहे हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे चार टप्पे सांगितले आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. प्रथम वस्तूचे सामान्य ग्रहण, मग ती काय असावी याची जिज्ञासा, त्यानंतर निश्चय आणि शेवटी तो निश्चय मनात टिकवणे. पहिली नजर म्हणजे केवळ अवग्रह. ईहेचे कष्ट न घेता आपण थेट धारणा करून बसतो, तीही निर्जीव चित्राविषयी नव्हे, तर घरातल्या जित्याजागत्या माणसाविषयी!

पेढीवर कोणी एकूण बेरीज प्रथम पाहतो, कोणी एकेक नोंद. दोघांची नजर भिन्न असली, तरी हिशोब जुळण्यास दोन्ही लागतात. अनेकान्त केवळ व्याख्यानात ऐकण्याचा विषय नाही. पुढच्या वेळी असे चित्र आले, तर ‘तू कोण आहेस’ हे ठरवू नये. ‘तुला ते कसे दिसले, मला दाखव’ असे म्हणावे. सुनेने बोट ठेवून दाखवले, तर सासूबाईंनाही ती वृद्धा दिसेल. आणि कदाचित त्या खर्चाविषयीची शंकाही.