शिट्टी वाजल्यावर कोचने गप्प राहावे

इंटर-हाऊस फुटबॉल सुरू झाले की ग्राउंडवर दोन मॅच चालतात. एक रेषेच्या आत आणि दुसरी रेषेच्या बाहेर. आतले अकरा जण बॉलमागे धावतात. बाहेरून कोच, हाऊस कॅप्टन आणि सिनिअर घसा फोडून सांगत असतात: पास दे, मागे ये, झोपलास का! यालाच सगळे मोटिव्हेशन म्हणतात. माझे मत वेगळे आहे. ओरडण्याने मुलगा जोरात पळतो, पण डोके चालवायचे थांबवतो. कोचचे बहुतेक काम किक-ऑफच्या आधीच झालेले असले पाहिजे.

हे मत मांडायला मला लांब जावे लागत नाही. २०२३ ची सॅफ स्पर्धा आपल्याच बेंगळुरूत, श्री कंठीरवा स्टेडियमवर झाली. २१ जूनला भारत–पाकिस्तान सामना होता. भारत २–० ने पुढे होता आणि पहिला हाफ संपत आला होता. पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घेत असताना भारताचे कोच इगोर स्टिमॅक यांनी त्याच्या हातातला बॉल मागून उडवला. त्यांना रेड कार्ड मिळाले. भारताने सामना ४–० ने जिंकला, त्यात सुनील छेत्रीची हॅटट्रिक होती. बंदीमुळे स्टिमॅक नेपाळविरुद्धच्या सामन्यात बेंचवर नव्हते. २७ जूनला कुवेतविरुद्ध त्यांना पुन्हा रेड कार्ड मिळाले आणि या वेळी दोन सामन्यांची बंदी आली. म्हणजे सेमीफायनलही गेली आणि फायनलही.

बेंचची जबाबदारी आली सहायक कोच महेश गवळी यांच्यावर. गवळी गोव्याचे, भारताचे माजी डिफेंडर. सेमीफायनलला लेबनॉनविरुद्ध एकही गोल झाला नाही आणि भारत पेनल्टीवर ४–२ ने जिंकला. ४ जुलैच्या फायनलमध्ये कुवेतने आधी गोल केला. छांगतेने बरोबरी केली. पुन्हा पेनल्टी, आणि शेवटची किक गुरप्रीतसिंग संधूने अडवली. भारत ५–४ ने जिंकला. हे आपले नववे सॅफ विजेतेपद.

आता हिशोब करा. भारत पाच सामने खेळला. त्यातल्या एकाही सामन्यात मुख्य कोच शेवटच्या शिट्टीपर्यंत बेंचवर नव्हता. तरी कप आपला झाला. याचा अर्थ कोचची गरज नाही असा मी काढत नाही. उलट त्यांचे काम आधीच झालेले होते. सॅफच्या आधी भुवनेश्वरला शिबिर झाले होते आणि तिथेच संघाने इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकला होता. कोणी कुठे उभे राहायचे, बॉल गेला तर काय करायचे, हे मुलांना माहीत होते. म्हणून गवळींनी जबाबदारी घेतली तेव्हा संघ विस्कटला नाही.

काही जण म्हणतील, स्टिमॅक खेळाडूंसाठीच भांडले. खरे आहे. आपल्या मुलांसाठी पुन्हा असेच करेन, असे त्यांनी नंतर सांगितलेही. आपला कोच आपल्या बाजूने उभा आहे, हे खेळाडूला कळणे मोठी गोष्ट आहे. पण फायनलच्या दिवशी बेंचवर बसता येत नसेल, तर त्या रागाचा उपयोग कोणाला झाला?

विश्वास दाखवायचा दुसरा मार्ग सय्यद अब्दुल रहीम यांनी दाखवला. हैदराबादचे रहीमसाहेब मुळात शाळामास्तर. १९६२ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून २–० ने हरला. पुढे डिफेंडर जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला सेमीफायनलपासून फॉरवर्ड म्हणून खेळवले. सेमीफायनलमध्ये त्याने गोल केला आणि फायनलमध्येही केला. त्याच दक्षिण कोरियाला २–१ ने हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले. डोक्याला टाके असलेल्या डिफेंडरला पुढे उभे करणे म्हणजे 'तू करू शकतोस' हे एक शब्द न बोलता सांगणे.

माझे मित्र म्हणतात, आपण मिलिटरी स्कूलचे. ड्रिल स्क्वेअरवर उस्ताद ओरडतातच ना? ओरडतात, आणि तिथे ते बरोबर आहे. ड्रिलमध्ये हुकूम एक आणि त्याचे उत्तरही एकच, सगळ्यांनी एकाच क्षणी द्यायचे. फुटबॉलमध्ये बॉल ज्याच्या पायात आहे त्याला जे दिसते, ते रेषेबाहेरच्याला दिसत नाही. आणि फौज तरी फक्त हुकमावर कुठे चालते? सेक्शन कमांडर पडला तर टू-आय-सी लगेच ताबा घेतो. तो मागे वळून कोणाला विचारत बसत नाही. आपल्याला तेच शिकायचे आहे.

ज्युनिअरांची मॅच नीट बघा. सहावी-सातवीतली मुले पास देण्याआधी मान वळवून बाहेर बघतात. तेवढ्यात समोरचा बॉल घेऊन जातो आणि पुन्हा ओरडा बसतो. काही दिवसांनी त्यातली काही मुले बॉल मागायचेच बंद करतात. मार्किंगच्या मागे लपून राहतात, कारण बॉल पायात आला नाही तर चूकही होत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, मुलगा आळशी आहे. तो आळशी नाही, घाबरलेला आहे. असा खेळाडू आपण स्वतः तयार करतो आणि मग त्याच्यावरच चिडतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. या टर्मच्या ज्युनिअर इंटर-हाऊस मॅचमध्ये पहिल्या हाफला बाहेरून एकही सूचना नको. टाळ्या चालतील. हाफटाइमला पहिली दोन मिनिटे खेळाडूंनी बोलावे, मग कोचने. कोणाची चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला, त्या मुलाला बाजूला घेऊन सांगावी आणि ती कशी सुधारायची तेही करून दाखवावे. कडक राहायला माझी हरकत नाही. वेळेवर या, पूर्ण पळा, रेफरीशी वाद घालू नका, यात सूट नकोच.

यामुळे एखादे हाऊस एखादी मॅच हरेल. हरू दे. सहावीतल्या मुलाने स्वतः बघून दिलेला चुकीचा पास मला सिनिअरने ओरडून द्यायला लावलेल्या बरोबर पासपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. पुढचा पास तो आणखी नीट बघून देईल.