स्फुरदाची शिल्लक आधी पाहा



लागणीचा हंगाम आला की प्रश्न ठरलेला, "साहेब, एकरी डीएपी किती पोती?" माझे स्पष्ट मत असे की, पोती मोजण्याआधी जमिनीतली शिल्लक मोजावी.

न्यूझीलंडमध्ये विंचमोर येथे १९५२ साली मेंढ्यांच्या बागायती कुरणावर सुपर फॉस्फेटचा दीर्घ प्रयोग सुरू झाला. हेक्टरी १८८ किलो खताने गवत भरघोस वाढले. ३७६ किलो दिले, पण गवत काही दुप्पट झाले नाही, वाढ थोडकीच. काही तुकड्यांचे खत पुढे बंद केले, तरी उत्पन्न एकदम न पडता हळूहळू उतरत गेले. जमीन साठ्यावर चालत होती.

उसालाही हाच हिशेब लागू. नत्र वाहून जाते, उडून जाते. स्फुरद मात्र फारसे जागचे हलत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ते चुन्याशी बांधले जाते. म्हणून वरून फेकू नये. शेणखतात मिसळून सरीत, मुळाजवळ द्यावे. शिल्लक भरपूर असताना आणखी ओतले तर पैसा जातोच, वर जस्ताची कमतरता पडते. उलट, खडखडाट असलेल्या रानात हात आखडला तर फुटवा मार खातो.

"शेजाऱ्याने चार टाकली, म्हणून मी पाच" ही चढाओढ सोडा. खत घालण्यापूर्वी माती तपासून घ्या. आडसालीला हेक्टरी १७० किलो स्फुरद ही शिफारस सर्वसाधारण जमिनीसाठी आहे; अहवालाप्रमाणे ती कमी-जास्त करावी. पासबुक न बघता कोणी चेक फाडतो का?

— ऊस विकास अधिकारी