'घरी न्या' म्हटल्यावर पुढे काय?

'आता घरी न्या, इथे ठेवून उपयोग नाही.' कॅन्सर हाताबाहेर गेला की मोठ्या इस्पितळात हे ऐकावे लागते. नातेवाईक माणसाला जीपमध्ये घालून गावी आणतात आणि मग कित्येक आठवडे ओसरीवरच्या खाटेवरून कण्हणे ऐकू येत राहते. मिश्री-तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, हे आता गावाला पाठ झाले आहे. पण ज्याला तो झाला त्याची वेदना कशी कमी करायची, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरलाही पुष्कळदा उमगत नाही. दोष त्या पोराचा नाही. त्याला रोग बरा करायला शिकवले, बरा न होणारा माणूस सांभाळायला शिकवले नाही.

या सांभाळण्याच्या विद्येला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. वेदना, धाप, मळमळ, जखमेची दुर्गंधी, पडून पडून पाठीला होणाऱ्या जखमा या सगळ्यांवर त्यात इलाज असतो. घरच्यांशी खरे पण धीर देऊन बोलणे, हाही त्याचाच भाग. लकव्याने खाटेला खिळलेल्यांना, किडनी निकामी झालेल्यांनाही ही सेवा लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या गरजूंपैकी सुमारे १४ टक्के लोकांनाच ती मिळते.

कॅन्सरच्या वेदनेसाठी पायरीपायरीने औषध देण्याची पद्धत याच संघटनेने १९८६ साली सांगितली. आधी साधी गोळी, मग जरा जोरकस आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. मॉर्फिन अफूपासून होते. शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचचे शेतकरी सरकारी परवान्यावर अफू पिकवतात. नीमच आणि गाझीपूर इथे सरकारी कारखाने आहेत. पीक आपल्या देशात, कारखाना आपल्या देशात आणि तळमळणाऱ्या माणसाला गोळीसाठी मोठे शहर गाठावे लागते, हे कोणत्या हिशेबात बसते?

अमली पदार्थांचा कायदा १९८५ साली आला. त्यातल्या अनेक परवान्यांच्या धास्तीने इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ साली संसदेने कायदा सुधारला आणि वाट सोपी केली. आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला मॉर्फिन ठेवता येते. मात्र त्यासाठी तिथे वेदनानिवारणाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा. घोडे अडते ते इथे. शिकलेला डॉक्टर नाही म्हणून औषध नाही.

२०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात या विषयाला जागा मिळाली, हे चांगले झाले. पण पोहणे काही पुस्तक वाचून येत नाही. मॉर्फिन दर चार तासांनी का द्यायचे, सोबत जुलाबाचे औषध का लागते, 'व्यसन लागेल का?' असे बायकोने विचारल्यावर काय सांगायचे, हे रोग्याच्या खाटेपाशी बसूनच कळते. केरळने ते करून दाखवले. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली सुरू झालेले काम गावोगाव पसरले. २००८ साली राज्याने धोरण केले आणि आज तिथल्या ग्रामपंचायती घरपोच सेवा चालवतात. आपल्याकडेही वांद्र्याचे शांती अवेदना १९८६ पासून आहे, टाटा रुग्णालयात या विषयाची एम.डी. आहे. पण मुंबईचे ज्ञान एसटीच्या शेवटच्या थांब्यापर्यंत पोचलेले नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. इंटर्नशिपमध्ये ग्रामीण केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आशाताईंबरोबर खाटेला खिळलेल्या रोग्यांच्या घरी पाठवावे. एक-दोन रोगी शेवटपर्यंत त्याच्याकडे सोपवावेत आणि परीक्षेत त्यावर प्रश्न असावा. जिल्हा रुग्णालयाने निदान दोन डॉक्टरांना प्रशिक्षणाला धाडून मॉर्फिनची मान्यता घ्यावी. सरपंच आणि ग्रामसेवकांनी गावातल्या अशा रोग्यांची यादी करून आरोग्य केंद्राला द्यावी. यादीला पैसा लागत नाही.

आपण म्हाताऱ्या बैलालाही दावणीला वाऱ्यावर सोडत नाही, शेवटपर्यंत चारा घालतो. मग ज्या हातांनी आपली शेती उभी केली, त्यांच्या शेवटच्या दिवसांत 'काही उपयोग नाही' एवढेच सांगणारे डॉक्टर आपल्याला नकोत. रोग बरा होणार नसला तरी दुखणे कमी करता येते, हे शिकलेला डॉक्टर मागणे हा गावाचा हक्क आहे. येत्या ग्रामसभेत तसा ठराव व्हावा.